वेबसाइट कशी काढावी, आणि ते शिकवणाऱ्यांविषयी

'अर्ध्या तासात स्वतःची वेबसाइट' या विषयावर मराठीत आता भरपूर साहित्य आहे. लेख आहेत, व्हिडिओ आहेत, फुकट उतरवून घ्यायच्या पुस्तिका आहेत. तुम्ही त्यातलं दोन-चार ठिकाणी वाचलं-पाहिलं असेल तर क्रम एव्हाना पाठ झाला असेल. आधी डोमेन घ्यायचं, मग होस्टिंग, मग वर्डप्रेस बसवायचं, थीम निवडायची, पाच-दहा प्लगिन जोडायची, गुगलच्या जाहिरातींसाठी अर्ज करायचा. मजकूर सगळ्यात शेवटी. त्याला तिथे 'कंटेंट' म्हणतात आणि तो आठवड्याला तीन या हिशेबाने 'टाकायचा' असतो, गुरांपुढे वैरण टाकतात तसा.

या मार्गदर्शनात चुकीचं फारसं काही नसतं. बटणं सांगितली तिथेच असतात. माझी तक्रार आहे ती सांगणाऱ्याच्या जागेबद्दल. 'होस्टिंग कुठलं घ्यावं?' या प्रश्नाला उत्तर म्हणून जो दुवा दिलेला असतो, त्यावरून तुम्ही खरेदी केलीत तर बहुतेक वेळा सांगणाऱ्याला दलाली मिळते. दलाली घेण्यात पाप नाही. पुण्यात भाड्याची जागा शोधताना आपण ती निमूट देतोच. पण तिथे दलाल दलाल म्हणूनच समोर येतो, इथे तो मास्तरांचा कोट घालून येतो. म्हणून पहिल्या वर्षाचा भाव ठळक छापला जातो, आणि नूतनीकरणाचा भाव, जो बरेचदा दुप्पट-तिप्पट असतो, तो कुठेच सापडत नाही. तुम्ही एक करा. असा कुठलाही लेख उघडलात की त्यात 'दुसऱ्या वर्षी किती?' याचं उत्तर शोधा. ते नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. हे सगळं लेखन तुम्हाला दुकान काढायचंय असं गृहीत धरतं. आणि तुम्हाला, म्हणजे हे नियतकालिक वाचणाऱ्या बहुतेकांना, दुकान काढायचं नसतं. वडिलांची पत्रं टंकून ठेवायची असतात. मंडळाचे जुने दिवाळी अंक एका जागी आणायचे असतात. वीस वर्षांत इथेतिथे लिहिलेलं गोळा करायचं असतं. या कामाला ग्राहक किती आले हा निकष लागू होत नाही. वीस वर्षांनी कुणी पत्ता टाकला तर पान उघडेल का, आणि उघडलं तर ते मराठी म्हणून वाचता येईल का, एवढंच बघायचं असतं. हे सोपं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

त्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओतला वेळ कशावर जातो ते पाहिलंत तर गंमत कळेल. वेबसाइटला चार गोष्टी लागतात: नाव, मजकूर, रूप, आणि तो सगळा ऐवज ठेवायला चोवीस तास चालू असलेलं एक यंत्र. यातलं रूप आणि यंत्र कधीही बदलता येतं, आणि दर काही वर्षांनी बदलावंच लागतं. तुमचं म्हणून उरतं ते नाव आणि मजकूर. मार्गदर्शक सगळा वेळ रूप आणि यंत्र यांवर घालवतात.

याची किंमत आपण आधीच मोजलेली आहे. जालावरच्या मराठीने दोन प्रकारचे मृत्यू पाहिले. पहिला, घरमालकाने इमारत पाडण्याचा. नव्वदच्या दशकात परदेशी शिकायला गेलेली मुलं आपलं पहिलं पान जिओसिटीजवर काढत. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जमेल तितकं उतरवून घेतलं म्हणून काही वाचलं. मग ऑर्कुट गेलं, ३० सप्टेंबर २०१४ ला. गुगल प्लस गेलं, एप्रिल २०१९ मध्ये. २०२०च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स गेले. प्रत्येक वेळी सूचना आली होती, प्रत्येक वेळी 'तुमचा साठा उतरवून घ्या' असं सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी बहुतेकांनी तो उतरवला नाही, कारण सूचना त्या ईमेल पत्त्यावर गेली होती जो कुणी सहा वर्षांत उघडला नव्हता.

दुसरा मृत्यू खास आपल्या लिपीचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरातल्या संगणकावर ती धड दिसू लागायला आणखी दहाएक वर्षं गेली. मधल्या काळात शिवाजी, किरण, शुषा असे फॉन्ट होते. त्यांची युक्ती अशी, की संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टंकत असता, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकृती रंगवतो. म्हणजे पानाच्या आत मराठी नसतेच. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांचंही तेच. एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नसे. आज त्या काळातलं एखादं पान इंटरनेट आर्काइव्हच्या साठ्यात सापडतं, पण फॉन्ट नसेल तर समोर येतात इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांच्या रांगा. कुठल्याही शोधयंत्राला ते सापडणार नाही. दगड शाबूत आणि अक्षरं झिजलेली असे शिलालेख असतात, तसं.

यातून तगून राहिलं ते काय, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी १९९६च्या गणेशचतुर्थीला सुरू केलेली मायबोली अजून त्याच नावाने उघडते. त्यानंतर मनोगत (२००४), उपक्रम आणि मिसळपाव (२००७), ऐसी अक्षरे (२०११) आली. मंडळींनी स्वतःचं नाव घेतलं, स्वतः यंत्र भाड्याने घेतलं, साठा स्वतःच्या हातात ठेवला. मायबोलीने मधल्या काळात आतली सगळी यंत्रणा बदलली, रोमन आणि फॉन्टच्या जमान्यातून युनिकोडमध्ये आली, पत्ता तोच राहिला. मराठी समीक्षेने या संस्थळांवरच्या लेखनाकडे फारसं पाहिलं नाही, आणि ती उभी करणाऱ्यांच्या कामाकडे तर अजिबातच नाही. अशोक शहाण्यांनी प्रास प्रकाशन चालवलं याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात होते आणि व्हायलाच हवी. नोकरी सांभाळून, रात्री जागून, पदरमोड करून पंधरा-वीस वर्षं सर्व्हर चालवणाऱ्याची नोंद कुठे होणार?

पण कौतुकाबरोबर एक गोष्ट बोलली पाहिजे. ही घरं त्यांची आहेत, तुमची नाहीत. यांपैकी बहुतेक द्रुपल नावाच्या प्रणालीवर उभी राहिली. त्या प्रणालीची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा अधिकृत आधार संपला. एवढा मोठा साठा नव्या आवृत्तीत हलवणं म्हणजे वाडा उचलून शेजारच्या प्लॉटवर ठेवणं, आणि ते करणारी माणसं बहुधा दोन किंवा तीन. तुमचं पंधरा वर्षांचं लिखाण तिथे असेल आणि तुमच्याकडे एकही प्रत नसेल तर त्याला चालकांचा दोष म्हणता येणार नाही. ते लिखाण आधी उतरवून घ्या. वेबसाइट नंतर काढली तरी चालेल.

आता नावाविषयी, कारण इथे थांबायला हवं आणि मार्गदर्शक इथे थांबत नाहीत. 'आकर्षक नाव निवडा' म्हणून ते पुढे जातात.

मी हे लिमरिकमधून लिहितो आहे. इथे राहणाऱ्याला पहिला मोह 'डॉट आयई'चा होतो, आणि तो मोह चांगला आहे. ही नावं मिळवायला आयर्लंड बेटाशी नातं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. इथलं पारपत्र, इथला पत्ता, असं काहीतरी. त्यामुळे भुरट्यांची गर्दी कमी, आणि स्थानिक माणसाचा नावावर विश्वास बसतो. पण तुम्ही लिमरिकहून उद्या टोरांटोला गेलात तर? आपल्यापैकी किती जण आज त्याच देशात आहेत जिथे दहा वर्षांपूर्वी होते? हा प्रश्न काल्पनिक नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, पण युरोपीय संघातल्या कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या लोकांची 'डॉट ईयू' नावं आधी थांबवण्यात आली आणि मग काढून घेण्यात आली. लंडनमधल्या एखाद्या मराठी घराने २०१० साली हौसेने घेतलेलं युरोपीय नाव त्यात जाऊ शकत होतं. तिथे राहणाऱ्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या शेजाऱ्यांनी मतदान केलं. युगोस्लाव्हियाचं 'डॉट वाययू' तर देशामागून २०१० मध्ये कायमचं बंद झालं. देशाला जोडलेलं नाव व्हिसासारखं असतं. म्हणून तुमच्या मंडळासाठी, इथल्या दुकानासाठी, इथल्या कामासाठी डॉट आयई जरूर घ्या. वडिलांच्या पत्रांसाठी डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग असलं निर्गुण, कुठल्याच देशाचं नसलेलं नाव बरं. वर्षाला १० ते १५ युरोंत येतं. डॉट इन कुणालाही घेता येतं, तेही चालेल.

मग देवनागरीतलं नाव का नाही? 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी आहे. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, व्यवहारात मी कुणाला सुचवणार नाही. नावं सांभाळणारी जागतिक यंत्रणा मुळात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ ओळखते. देवनागरी नाव आत पाठवताना त्याचं एका सांकेतिक रूपात भाषांतर होतं, आणि ते रूप म्हणजे 'एक्स', 'एन', दोन आडव्या रेघा आणि पुढे अर्थहीन अक्षरांची गुंतवळ. काही उपकरणं तुमचं नाव देवनागरीत दाखवतील, काही ही गुंतवळ दाखवतील. ती व्हॉट्सॲपवर आली तर सुज्ञ मावशी 'हा व्हायरस आहे' म्हणून पुसून टाकतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. असाच घोळ पानांच्या पत्त्यांत होतो. लेखाचं शीर्षक देवनागरीत ठेवलंत आणि प्रणालीने तेच पत्त्यात घेतलं, तर दुवा पाठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ चिन्हं होतात. 'आईची पत्रं' हे साधं शीर्षक काना-मात्रा, जोडणी धरून ऐंशीच्या वर जातं. पत्ता रोमनमध्ये छोटा ठेवा, शीर्षक मराठीत ठेवा. तत्त्वाचा प्रश्न करू नका.

आयरिश मंडळींना हे दुखणं ओळखीचं आहे. त्यांच्या भाषेत स्वरावर 'फाडा' नावाची तिरपी रेघ असते. ती असेल तर 'शॉन' हे माणसाचं नाव, नसेल तर तीच अक्षरं 'म्हातारा' या अर्थाचा शब्द. सरकारी आणि इस्पितळांच्या संगणकांत आपल्या नावावरची ही रेघ गळते म्हणून इथे लोक तक्रारी करत आले आहेत. डॉट आयई नावांत आता फाडा चालते. आपण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतल्या फरकासाठी कुणाकडे तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आणि हा 'ऱ्या' तुम्हाला छळणार आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडं. तो दोन प्रकारे टंकता येतो. एक, नुक्ता असलेला 'र' वापरून. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'सुऱ्या' एका पद्धतीने लिहिलात आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला तर बरेचदा सापडत नाही. 'ॲ'चंही तसंच, त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं स्थान २००८ मध्ये मिळालं, त्याआधीचा मजकूर 'अ', ते अदृश्य चिन्ह आणि वर चंद्र अशा तीन तुकड्यांत आहे. जुने दिवाळी अंक युनिकोडमध्ये आणताना सगळा मजकूर एकाच पद्धतीचा करून घ्या. शोधा-बदला या आज्ञेने दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या एकाही मराठी मार्गदर्शकात त्याचा उल्लेख नाही. त्यात शोधयंत्रात वर येण्याच्या युक्त्या मात्र पंचवीस असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाची भाषा सांगायची सोय असते. तिथे मराठीची दोन अक्षरांची खूण, 'एम' आणि 'आर', घाला. तयार थीममध्ये तिथे इंग्रजी असतं, फार तर हिंदी. ही खूण घातली की ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात ही अक्षरं कशी काढावीत ते सांगितलं. शाळेत आपण तशीच गिरवली. पानभर हिंदी वळणाचा 'ल' पाहून काहीतरी खटकतं आणि काय ते कळत नाही, त्याचं कारण बहुधा हे असतं. आंधळ्या वाचकांना पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरंही याच खुणेवरून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतात.

यंत्राबद्दल आता, आणि त्यासाठी लिमरिक हे बरं ठिकाण आहे. इथल्या रहीन भागात डेल कंपनी संगणक जुळवत असे. जानेवारी २००९ मध्ये तिने हे उत्पादन पोलंडमधल्या वूच शहरात हलवणार असं जाहीर केलं आणि १९०० नोकऱ्या गेल्या. यंत्रं कुठेही जुळवता येतात आणि कुठेही ठेवता येतात, हे या गावाने किंमत मोजून शिकलं. आज आयर्लंडभर डेटा सेंटरं आहेत. देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २०१५ मध्ये ५ टक्के वीज त्यांना लागत होती, २०२३ मध्ये २१ टक्के. देशातल्या शहरी घरांना सगळी मिळून लागते त्याहून जास्त. 'क्लाउड' म्हणजे ढग असं आपण कौतुकाने म्हणतो. हा ढग मीटरला जोडलेला आहे.

मग स्वतःच्या घरातच छोटा संगणक ठेवून त्यावर वेबसाइट चालवली तर? हा विचार हल्ली फार लोकप्रिय आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारे दलाल नसतात, हे त्यांचं मोठेपण. आकडे बरे आहेत. ५ वॉटचं रास्पबेरी पाय वर्षभर चालू ठेवलं तर सुमारे ४४ युनिट लागतात. युनिटला ३५ सेंट धरले तर साधारण १५ युरो. पण घरच्या जोडणीचा पत्ता बदलत राहतो, राउटरला भोक पाडावं लागतं आणि त्या भोकातून दिवसभर जगभरचे चोर दार वाजवून जातात. शिवाय २४ जानेवारी २०२५. एओविन वादळाने त्या दिवशी देशभरात सुमारे ७ लाख ६८ हजार घरं-दुकानं अंधारात गेली, कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस. शिकण्यासाठी घरचा सर्व्हर उत्तम. तो उभा करताना वेब कशी चालते ते जेवढं कळतं तेवढं कुठल्याच व्हिडिओने कळत नाही. पण ज्या पानावर मंडळाच्या गणपतीची वेळ आहे किंवा वडिलांची पत्रं आहेत, ते तुमच्या जिन्याखालच्या कपाटावर अवलंबून ठेवू नका. 'सगळं स्वतःच्या हातात' या आग्रहात एक सोवळेपणा आहे. नाव आणि मजकूर आपल्या हातात असेल तर यंत्र सोवळं असण्याची गरज उरत नाही. आज एका फुकट सेवेवर ठेवा, तिने अटी बदलल्या तर उद्या दुसरीकडे न्या. नाव नव्या पत्त्याकडे वळवलं की वाचकाला कळतही नाही.

हे शक्य व्हावं म्हणून मजकूर हलवता येण्याजोगा हवा, आणि इथे वर्डप्रेसविषयी मत द्यावंच लागेल. २००३ मध्ये आलेली ही प्रणाली आज जगातल्या दर दहापैकी चार वेबसाइटींखाली आहे. ती वाईट नाही. फोनवरून लिहिता येतं, सत्तरीच्या काकूंना शिकवता येते, मोफत आहे, मुक्त आहे. (तिच्यामागच्या ऑटोमॅटिक कंपनीने आपल्या इथल्या शाखेचं नाव आयरिश आडनावांच्या चालीवर 'ऑट ओ'मॅटिक' असं नोंदवलं आहे, आणि एवढ्या एका विनोदासाठी मी तिला बरंच माफ करतो.) पण तुमचा मजकूर ती पानांत ठेवत नाही, विदागारात ठेवते. पान उघडताच विदागारातून तुकडे काढून ते जुळवलं जातं. म्हणजे तुकोबांची जुनी गाथा वाचायला देण्यासाठीही एक चालतं इंजिन लागतं, आणि इंजिनाला दर महिन्याला तेलपाणी. प्लगिन जुनी झाली की त्यांतून कुणीतरी शिरतं. आणि मुक्त प्रणालीलाही मालक असतोच. २०२४च्या सप्टेंबरात वर्डप्रेसच्या संस्थापकाचं एका मोठ्या होस्टिंग कंपनीशी भांडण झालं, तेव्हा त्या कंपनीच्या ग्राहकांची अद्ययावत होण्याची वाट काही काळ बंद केली गेली. भांडण दोघांचं, कुलूप तिसऱ्याच्या दाराला.

तुम्हाला फक्त लेख, पत्रं, छायाचित्रं ठेवायची असतील तर साधी, स्थिर एचटीएमएल पानं पुरतात. मजकूर साध्या फायलींत लिहायचा, ह्यूगो किंवा जेकिलसारख्या एखाद्या फुकट साधनाने त्यांची पानं करून घ्यायची, ती चढवायची. विदागार नाही, त्यामुळे फोडायला काही नाही. सर्नमध्ये लिहिलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ याच जातीचं होतं आणि ते आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं. आकारमानाची चिंता नको. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं; तुम्ही वाचताय तेवढा लेख पन्नासेक केबीत मावतो. फोनमधल्या एका फोटोत असे पन्नास लेख बसतील. याची अडचणही सांगतो: पहिले दोन रविवार डोकं दुखेल. काळी खिडकी उघडून आज्ञा टंकाव्या लागतात. ते नको असेल तर वर्डप्रेसच घ्या, पण स्वतःच्या नावावर, दोन-तीनच प्लगिन, आणि दर सहा महिन्यांनी सगळा मजकूर बाहेर काढून संगणकावर ठेवायचा. तो बाहेर काढण्याची सोय नसलेली कुठलीही सेवा, ती कितीही देखणी असो, घेऊ नका.

कायद्याविषयी दोन वाक्यं, कारण 'माझी घरगुती साइट आहे, मला कोण विचारतो' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. स्वीडनमध्ये चर्चच्या एका सेविकेने संगणकाच्या वर्गात शिकून घरीच पानं बनवली, त्यांवर सहकाऱ्यांची नावं, काहींचे फोन नंबर, आणि एकीचा पाय दुखावल्याने ती अर्धवेळ रजेवर आहे, असं प्रेमाने लिहिलं. ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जगाला खुलं असलेलं पान घरगुती धरता येणार नाही. मंडळाच्या सभासदांची यादी आणि बालनाट्यातल्या मुलांचे फोटो चढवण्याआधी विचारा.

एवढं करूनही तुमची वेबसाइट एक दिवस बंद पडेल, बहुधा तुमच्यानंतर वर्षभरात. त्यावरचा उपाय जुना आहे: प्रती. एप्रिल १९१९ मध्ये लिमरिकच्या कामगारांनी ब्रिटिश लष्कराच्या परवाना-पद्धतीविरुद्ध संप पुकारून पंधरवडाभर शहर स्वतः चालवलं. स्वतःचं बातमीपत्र छापलं, स्वतःच्या नोटाही छापल्या. 'लिमरिक सोव्हिएत' तेवढ्यावर संपलं. पण कागद अनेकांच्या हातांत गेले होते, म्हणून त्यांतले काही आज संग्रहांत आहेत. तुमची पानं प्रसिद्ध झाल्यावर इंटरनेट आर्काइव्हला त्यांची नोंद घ्यायला सांगा. एक पत्ता चिकटवून एक बटण दाबायचं असतं. फायलींचा एक संच पेन ड्राइव्हवर करून भावाकडे नाशिकला पाठवा, तो म्हणेल कशाला, तरी पाठवा.

आणि नावाचं काय होतं ते माहीत असू द्या. डॉट कॉमची मुदत संपल्यावर मालकाला ते परत मिळवायला काही आठवडे मिळतात, नंतर ते बाजारात येतं. दहा वर्षं जुनं, लोकांनी दुवे दिलेलं नाव जुगाराच्या जाहिरातवाल्यांना फार आवडतं. वडिलांच्या पत्रांच्या पत्त्यावर तीन पत्त्यांचा खेळ चालू झालेला कुणाला बघायचा नसेल. मुदत संपण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: खात्याला जोडलेल्या कार्डाची तारीख उलटलेली असते, आणि स्मरणपत्रं सोडलेल्या नोकरीच्या ईमेलवर जात असतात. नाव एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं. परवडत असेल तर भरा. नाव कुठे घेतलं आहे, खात्याचा ईमेल कोणता, मुदत कधी संपते, हे एका कागदावर लिहून घरातल्या पासपोर्टच्या फायलीत ठेवा, आणि तो कागद तिथे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगा, शक्यतो ज्याला मराठी वाचता येतं अशाला.